हसू उसने मिळत नाही : लक्ष्मीकांत बेर्डे

विनोदी चित्रपट एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेणे हे वाटते तितके सोपे काम नाही. गोष्ट नेता येते, गाण्यांच्या जागा नेता येतात, पात्रांची नातीगोतीही नेता येतात. पण प्रेक्षक हसेल की नाही, हे गोष्टीच्या हाती नसते. ते ठरते पडद्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर, त्याच्या बोलण्याच्या ठेक्यावर, आणि हा माणूस आपल्याच आळीतला आहे असे वाटण्यावर. तमिळमध्ये जन्मलेली एक गोष्ट अशीच हिंदीतून फिरत फिरत १९८५ मध्ये मराठीत आली आणि तिने आपल्याला लक्ष्या दिला. त्या लक्ष्याची, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डे यांची, ही जीवनकथा.

लक्ष्मीकांत यांचा जन्म २६ ऑक्टोबर १९५४ रोजी मुंबईत झाला. बालपण गिरगावात गेले. ज्यांनी गिरगाव पाहिले आहे त्यांना त्याचा अर्थ सांगायला नको. चाळी, सामायिक गॅलऱ्या, नळावरच्या रांगा, आणि एका घरात काही झाले की मजल्यावरच्या साऱ्या घरांना लागलेली खबर. भावंडांत लक्ष्मीकांत सर्वांत धाकटे. घरची परिस्थिती बेताची होती. संसाराला हातभार लावण्यासाठी लहानपणी त्यांनी लॉटरीची तिकिटेही विकली. दुसऱ्याचे नशीब फळफळेल असे सांगत रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या मुलाला माणसांचे चेहरे वाचण्याचे शिक्षण आपोआपच मिळत असावे.

दुसरे शिक्षण मिळाले ते गणेशोत्सवात. गिरगावचा गणपती म्हणजे केवळ आरती आणि प्रसाद नव्हे. त्या दहा दिवसांत मांडवातल्या व्यासपीठावर नाटके होत, नकला होत, आणि समोर बसलेला प्रेक्षक ओळखीचा असला तरी भिडस्त नसे. आवडले तर टाळ्या, नाही आवडले तर जागच्या जागी टिंगल. अशा प्रेक्षकापुढे लक्ष्मीकांत यांनी पहिली सोंगे काढली. पुढे शाळाशाळांच्या आणि महाविद्यालयांच्या नाट्यस्पर्धांत त्यांना बक्षिसेही मिळू लागली.

त्यानंतर ते मुंबई मराठी साहित्य संघात नोकरीला लागले. गिरगावातल्या या संस्थेचे स्वतःचे नाट्यगृह आहे आणि मराठी रंगभूमीवरची थोर थोर माणसे तिथे वावरलेली आहेत. लक्ष्मीकांत तिथे नट म्हणून नव्हे, तर कर्मचारी म्हणून रुजू झाले. नाटक जवळून दिसत होते, पण बहुतेक वेळा बाजूने. मधूनमधून लहानसहान भूमिका मिळत. दोन वाक्ये बोलायची, हशा घ्यायचा आणि निघायचे. अशी काही वर्षे गेली. वय तिशीकडे झुकले, तरी नाव असे काही झाले नव्हते.

ते झाले १९८३-८४ च्या सुमारास, पुरुषोत्तम बेर्डे यांच्या ‘टूरटूर’ या नाटकाने. तरुण नटांचा ताफा, दंगामस्ती, वेग, आणि त्या साऱ्या गोंधळात प्रेक्षकाचे लक्ष आपल्याकडे खेचून घेणारा एक मोठ्या डोळ्यांचा, भाबड्या चेहऱ्याचा नट. नाटक धो धो चालले. साहित्य संघाच्या नोकरीतला माणूस एकाएकी गर्दी खेचणारा नट झाला. त्याच सुमारास ‘लेक चालली सासरला’ या चित्रपटातून ते पडद्यावरही दिसले. तरीही घराघरात नाव पोचायला अजून एक चित्रपट लागणार होता. त्या चित्रपटाची मुळे मात्र मद्रासेत होती, म्हणून आता आपल्याला थोडे मागे आणि थोडे दक्षिणेला जावे लागेल.

फेब्रुवारी १९६४ मध्ये ‘कादलिक्क नेरमिल्लै’ हा रंगीत तमिळ चित्रपट प्रदर्शित झाला. नावाचा अर्थ, प्रेम करायला वेळ नाही. दिग्दर्शक श्रीधर यांची ख्याती तोवर डोळ्यांत पाणी आणणाऱ्या प्रेमकथांसाठी होती. या वेळी त्यांनी आपले स्नेही चित्रालय गोपू यांना बरोबर घेऊन निखळ हसवणारी गोष्ट रचली. पैशावर नजर ठेवून जावई शोधणारा एक श्रीमंत बाप, त्याच्या दोन मुली आणि एक मुलगा. एका मुलीवर प्रेम करणारा गरीब तरुण कोट्यधीशाचा मुलगा असल्याची थाप मारतो आणि ती निभावण्यासाठी आपल्या मित्राला दाढीमिशा लावून बाप म्हणून उभा करतो. गंमत अशी, की त्या मित्राचे प्रेम नेमके दुसऱ्या मुलीवर असते.

आणि मुलगा? त्याला सिनेमा काढायचा असतो. घरातच कंपनी थाटलेली, डोक्यात कथा तयार, फक्त बापाने पैसे सोडायचे तेवढे बाकी. ही भूमिका नागेश यांनी केली. बापाला ते आपल्या चित्रपटाची भुताखेतांची गोष्ट सांगतात, तीही मुख्यतः आवाज काढून. दार करकरते, पावले वाजतात, वारा घोंगावतो, आणि बाप झालेले बालय्या खुर्चीत बसल्या बसल्या घामाघूम होतात. हसू येते ते सांगणाऱ्याच्या करामतीला, तसेच ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यालाही. विनोदी नटाला समोर तोलामोलाचा ऐकणारा लागतो, याचा हा उत्तम नमुना.

चित्रपट तुफान चालला. १९६५ मध्ये त्याचा तेलुगू अवतार आला. १९६६ मध्ये श्रीधर यांनीच हिंदीत ‘प्यार किये जा’ काढला. नागेश यांच्या जागी महमूद आले, बालय्यांच्या जागी ओमप्रकाश, आणि खोटा बाप झाले किशोरकुमार. १९७९ मध्ये कन्नडमध्येही ही गोष्ट गेली. दक्षिणेकडून हिंदीत येणाऱ्या विनोदाची ही वाट पुढेही वाहतीच राहिली. नागेश यांच्या ‘मद्रास टु पाँडिचेरी’चा १९७२ मध्ये ‘बॉम्बे टु गोवा’ झाला, तेव्हाही त्यात महमूद होतेच. मल्याळममधला ‘रामजीराव स्पीकिंग’ २००० मध्ये ‘हेराफेरी’ होऊन आला आणि आपण सगळे हसलो.

आता या वाटेवर मराठी कुठे आली ते पाहू. महेश कोठारे हे नाव जुन्या प्रेक्षकांना ‘छोटा जवान’ या १९६३ च्या चित्रपटातला बालनट म्हणून आठवत होते. मोठेपणी त्यांनी दिग्दर्शनात उतरायचे ठरवले आणि पहिल्याच चित्रपटासाठी ‘प्यार किये जा’ची गोष्ट निवडली. तो काळ मराठी चित्रपटाला अवघडच होता. तमाशापट मागे पडत होते. दादा कोंडके यांनी आपला प्रेक्षक राखला होता, पण शहरातला तरुण मुलगा तिकिटाच्या खिडकीवर हिंदीकडे वळत होता. त्याला मराठीकडे आणायचे तर वेग हवा, रंग हवा, गाणी हवीत आणि पोट धरून हसवणारी माणसे हवीत, असा कोठारे यांचा हिशेब असावा.

१९८५ मध्ये ‘धूमधडाका’ आला. नायक स्वतः कोठारे. खोटा बाप झाले अशोक सराफ. खरा बाप धनाजी वाकडे, म्हणजे शरद तळवलकर. ‘मुंबईचा जावई’ पाहिलेल्या पिढीला तळवलकरांची ओळख करून द्यायला नको. आणि त्यांचा सिनेमावेडा मुलगा झाला लक्ष्मीकांत. पात्राचे नाव ठेवले लक्ष्या.

इथेच आपल्या कथेतला मुख्य मुद्दा येतो. नागेश यांनी गाजवलेली, महमूद यांनी पुन्हा गाजवलेली भूमिका तिसऱ्याने करायची म्हणजे दोन मोठ्या सावल्यांखाली उभे राहणे होते. नक्कल केली असती तर पहिल्याच खेळात ती उघडी पडली असती, कारण ‘प्यार किये जा’ मराठी प्रेक्षकांनी पाहिलेला होता. लक्ष्मीकांत यांनी नक्कल केली नाही. नागेश यांचे काटकुळे, लवचिक अंग त्यांच्याजवळ नव्हते. महमूद यांचा बेरकी, बिनधास्त ठसका त्यांनी उसना घेतला नाही. त्यांनी गिरगावचा पोरगा आणला. मोठी स्वप्ने पाहणारा, बोलताना अडखळणारा, भीती वाटली तरी फुशारकी न सोडणारा, मार खाताखाता बचावणारा आणि तरीही कोणाबद्दल मनात डूख न धरणारा. प्रत्येक चाळीत असा एक मुलगा असतोच. प्रेक्षकांनी त्याला लगेच ओळखले. प्रेमा किरण यांच्या अंबाक्काबरोबर त्याची जोडीही जमली, आणि तळवलकरांसारखा मुरलेला ऐकणारा समोर असल्यावर मग काय विचारता!

नागेश, महमूद आणि लक्ष्मीकांत या तिघांचा मागचा प्रवास शेजारी शेजारी ठेवून पाहावा. नागेश कन्नड बोलणाऱ्या घरातले, धारापुरमचे. मद्रासेत रेल्वेत कारकुनी करता करता नाटकात शिरले. चेहऱ्यावर देवीचे व्रण. त्या चेहऱ्याने नायक होता येत नाही असे लोक म्हणत असतील, पण त्याच चेहऱ्याने त्यांनी तमिळ पडदा हलवून सोडला. महमूद हे नर्तक-नट मुमताज अली यांचे चिरंजीव, पण त्यांनीही मोटार हाकण्यासारखी कामे करून पोट भरले होते. आणि लक्ष्मीकांत लॉटरीच्या तिकिटांवरून साहित्य संघाच्या नोकरीत आलेले. श्रीमंत बापाच्या लाडावलेल्या मुलाची भूमिका तीन भाषांत तीन अशा माणसांनी केली, ज्यांना पैशाची किंमत चांगली ठाऊक होती. बापाकडे पैसे मागतानाची ती अगतिकता म्हणूनच खरी वाटत असेल.

‘धूमधडाका’नंतर लक्ष्मीकांत यांना मागे वळून पाहावे लागले नाही. १९८७ मध्ये कोठारे यांचा ‘दे दणादण’, १९८९ मध्ये ‘थरथराट’. दरम्यान १९८८ मध्ये सचिन यांचा ‘अशी ही बनवाबनवी’ आला. तोही मुळात उसनाच, हृषीकेश मुखर्जी यांच्या १९६६ च्या ‘बीवी और मकान’वरून घेतलेला. त्या हिंदी चित्रपटातही महमूद होते, हा योगायोग पाहा. पण वसंत सबनीस यांच्या लेखणीने त्याला असे काही पुणेरी पाणी चढवले, की मूळ हिंदी चित्रपट आज फारसा कोणाला आठवत नाही. जागेसाठी वणवण करणारे चार तरुण, त्यातल्या दोघांनी बायकांचा वेष घेणे, आणि त्या दोघांतली लक्ष्मीकांत यांची पार्वती. स्त्रीवेषात विनोद करताना नट सहज पातळी सोडतो. लक्ष्मीकांत यांची पार्वती लाजते, बावरते, चिडते, पण किळसवाणी होत नाही.

अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत ही जोडी त्यानंतर दहाएक वर्षे मराठी पडद्यावर राज्य करीत होती. सराफ नेमके, मोजूनमापून बाण मारणारे. लक्ष्मीकांत उधळून देणारे. एक मात्रेत गाणारा, दुसरा तानेवर ताना घेणारा. मंचावरही लक्ष्मीकांत यांची हजेरी सुटली नाही. ‘शांतेचं कार्टं चालू आहे’ या नाटकाने त्यांना नाट्यगृहातही तितकीच गर्दी दिली.

१९९३ च्या ‘झपाटलेला’चा उल्लेख इथल्या वाचकांसाठी मुद्दाम करायला हवा. खुन्याचा आत्मा बाहुल्यात शिरतो, ही अमेरिकन भयपटातली कल्पना. इथे वाढलेल्या आपल्या मुलांना तो मूळ बाहुला ठाऊक असतो आणि त्याची भीतीही वाटते. कोठारे यांनी तो बाहुला रामदास पाध्ये यांच्या हाती दिला, त्याला तात्या विंचू केले आणि समोर लक्ष्मीकांत यांना उभे केले. भीतीचे हसू झाले. एकटा नट निर्जीव बाहुल्याशी झटापट करतो आणि आपण बाहुल्याला जिवंत मानतो, कारण लक्ष्मीकांत यांच्या डोळ्यांतली भीती आपल्याला खरी वाटते.

कॅनडात ऐंशीच्या दशकात हे सारे आपल्याकडे पोचले ते बहुतेक कॅसेटवरून. टोरांटोच्या जेरार्ड रस्त्यावर १९७२ मध्ये नाझ थिएटर सुरू झाले आणि त्याच्याभोवती आपला बाजार उभा राहिला, पण त्या पडद्यावर हिंदीचा बोलबाला. मराठी चित्रपटाला आधार व्हिडिओ कॅसेटचा. त्यातही अडचण अशी, की भारतातल्या कॅसेटी पाल पद्धतीच्या आणि इथली यंत्रे एनटीएससीची. म्हणजे तिकडून कोणी हौसेने आणलेली कॅसेट इथे सरळ लावता येत नसे, ती आधी बदलून घ्यावी लागे. मग त्या बदललेल्या प्रतीची प्रत, तिचीही प्रत. रंग उडालेले, आवाज घरघरणारा. तरी बर्फाच्या रात्री चार कुटुंबे एका दिवाणखान्यात जमत आणि लक्ष्या आला की मुलेही हसत. मराठी पुरते न कळणाऱ्या मुलांनाही त्याचे पडणे, दचकणे, आवंढा गिळणे कळत असे. शब्द मागाहून येत. घरातल्या घरात मराठी टिकवण्यासाठी आपण पुष्कळ उपाय केले. त्यात या नटाचाही वाटा आहे, याची नोंद कुठल्या अहवालात सापडणार नाही.

१९८९ च्या अखेरीस ‘मैंने प्यार किया’ आला आणि लक्ष्मीकांत साऱ्या देशाला दिसले. पाठोपाठ ‘साजन’, ‘बेटा’, १९९४ मध्ये ‘हम आपके हैं कौन’. पैसा आला, प्रसिद्धी आली. पण एक गोष्ट मराठी माणसाला खटकत राहिली. मराठीत जो नट खेळ उभा करीत असे, तो हिंदीत बहुतेकदा नोकर किंवा नायकाचा मित्र होता. त्या लहान जागेतही त्यांनी जीव ओतला, ही त्यांची थोरवी. जागा मात्र लहानच राहिली.

आणि मराठीत? मराठीत जागा मोठी होती, पण तिला एकच दार होते. नाव लक्ष्या, काम हसवणे. चित्रपटामागून चित्रपट पात्राचे नावही तेच. प्रेक्षक तिकीट काढतानाच हसायच्या तयारीने येत. निर्माते तेच मागत. कधीकधी कथा इतकी विसविशीत असे, की सगळा भार एकट्या लक्ष्मीकांत यांच्या अंगविक्षेपांवर पडे, आणि मग समीक्षक त्यांनाच आरडाओरड्याबद्दल दोष देत.

१९९२ मध्ये या चाकोरीतून बाहेर पडण्याची संधी आली. जब्बार पटेल यांनी ‘एक होता विदूषक’ काढला. पटकथा-संवाद पु. ल. देशपांडे यांचे. पुलंनी कित्येक वर्षांनी चित्रपटासाठी लेखणी उचलली होती. गीते ना. धों. महानोर यांची, संगीत आनंद मोडक यांचे. नायक आबूराव, तमाशातला सोंगाड्या. तो चित्रपटाचा मोठा नट होतो, राजकारणाच्या वावटळीत सापडतो, आणि जगाला हसवता हसवता त्याच्या हातून स्वतःचे काहीतरी निसटते. त्याची स्वतःची मुलगी मात्र हसत नाही. ही भूमिका लक्ष्मीकांत यांच्याकडे आली. मधु कांबीकर, निळू फुले, मोहन आगाशे अशा मातब्बरांमध्ये ते उभे राहिले, आणि डोळे मोठे न करता, आवाज न चढवता, आपल्याच जातीच्या माणसाचे दुःख त्यांनी दाखवले.

चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तिकिटाच्या खिडकीवर मात्र तो चालला नाही. लक्ष्या रडलेला लोकांना बघायचा नव्हता. जी गोष्ट पडद्यावर आबूरावची, तीच पडद्याबाहेर लक्ष्मीकांत यांची झाली. त्यांनी आपली दुसरी बाजू पुढे केली आणि आपण, म्हणजे प्रेक्षकांनी, तिच्याकडे पाठ फिरवली. ते पुन्हा हसवायला निघाले. दुसरे काय करणार? पुढच्याच वर्षी आलेल्या ‘झपाटलेला’ला मात्र तुडुंब गर्दी झाली.

पुढची वर्षे सोपी नव्हती. १९९८ मध्ये पत्नी रूही यांचे निधन झाले. त्या स्वतः अभिनेत्री होत्या. अभिनेत्री प्रिया अरुण यांच्याशी त्यांचा संसार झाला. मुलगा अभिनय आणि मुलगी स्वानंदी ही त्यांची मुले. मुलाच्या नावाने त्यांनी ‘अभिनय आर्ट्स’ ही निर्मितीसंस्था काढली. मुलांची नावे ठेवतानाही या माणसाला अभिनय आणि आनंद हेच दोन शब्द सुचावेत, यात त्याचे सारे आयुष्य आले. हळूहळू प्रकृती साथ देईनाशी झाली. मूत्रपिंडाच्या विकाराने त्यांना गाठले आणि १६ डिसेंबर २००४ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय अवघे ५० वर्षे.

त्याच वर्षी जुलैत महमूद अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात वारले होते. शरद तळवलकर २००१ मध्येच गेले होते. पुढे २००८ मध्ये श्रीधर आणि २००९ मध्ये नागेशही गेले. त्या गोष्टीला हातभार लावणारी मंडळी एकेक करून पडद्याआड गेली, पण गोष्ट राहिली. २०१७ मध्ये ‘ती सध्या काय करते’मधून अभिनय बेर्डे पडद्यावर आला, तेव्हा पुष्कळांचे डोळे त्याच्या चेहऱ्यात बापाचा चेहरा शोधीत होते.

लक्ष्मीकांत यांच्या विनोदाला कोणी उथळ म्हणतात, कोणी उसना म्हणतात. काही चित्रपट उथळ होते, हे खरेच आहे. कथाही अनेकदा बाहेरून आल्या होत्या. पण उसन्या पातेल्यात शिजवलेले पिठले काही उसने होत नाही. त्यात मीठमिरची कोणाची, आणि भूक कोणाची भागली, हे पाहावे लागते. कथा मद्रासेची असो, मुंबईची असो की अमेरिकेची, तिच्यातले हसू लक्ष्मीकांत यांना दर वेळी स्वतः कमवावे लागले.

येत्या १६ डिसेंबरला संध्याकाळी घरी एक बेत करून पाहावा. स्कारबरोसारख्या भागात १९८३ नंतर श्रीलंकेतून आलेल्या तमिळ कुटुंबांची मोठी वस्ती झाली आहे. ओळखीत असे कोणी असेल तर त्यांना बोलवावे. बापलेकांचा प्रसंग आधी त्यांच्या नागेश यांचा पाहावा, मग आपला ‘धूमधडाका’ लावावा. भाषांतर करीत बसण्याची गरज पडणार नाही. पाहुणे गेले आणि मुले झोपली, की मग ‘एक होता विदूषक’ लावावा. १९९२ मध्ये जो पाहायचा आपण टाळला होता, तो चित्रपट आता तरी शेवटपर्यंत पाहावा. त्या नटाचे तेवढे देणे आपल्याकडे बाकी आहे.